डोंगरावरच्या विद्यापीठासाठी गोंडोलाचे नियोजन कसे करावे

महाराष्ट्रात रोपवे म्हटले की बहुतेकांना हिरकणीवाडीहून रायगडावर जाणारा पाळणा आठवतो, म्हणजे सुटीच्या दिवशी, रांगेत उभे राहून, कधीतरी करायचा प्रवास. शहरी वाहतुकीतल्या गोंडोलाला, म्हणजे फिरत्या दोरावरून एकामागून एक केबिन नेणाऱ्या रोपवेला, हे परवडत नाही. तो पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चालावा लागतो, त्यात तोच विद्यार्थी आठवड्यातून पाच दिवस बसतो आणि पहिल्या तासाला उशीर झाला तर दृश्य किती सुंदर होते याचे त्याला काहीच कौतुक नसते. म्हणून अशा प्रकल्पाचे नियोजन दोर आणि मनोऱ्यांपासून सुरू न करता पायथ्याच्या बसथांब्यापासून सुरू करावे, असे माझे मत आहे. पुढील विवेचनासाठी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या बर्नाबी शहराचे उदाहरण मुख्य धरले आहे. तिथे सायमन फ्रेझर विद्यापीठापर्यंत गोंडोला नेण्याच्या प्रस्तावाचा अभ्यास दशकभराहून अधिक काळ झाला असून यश, अडथळे आणि वाद या तिन्ही बाबतींत तो शिकण्यासारखा आहे.

बसचा हिशेब आधी मांडा

सायमन फ्रेझर विद्यापीठ १९६५ मध्ये सुरू झाले. आर्थर एरिक्सन आणि जेफ्री मॅसी या वास्तुविशारदांनी आखलेला त्याचा परिसर बर्नाबी डोंगराच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटर उंचीवर आहे. पायथ्याशी स्कायट्रेन या मेट्रोचे प्रॉडक्शन वे-युनिव्हर्सिटी स्थानक आहे. तिथून १४५ क्रमांकाची बस साधारण पंधरा मिनिटांत वर पोहोचते. कागदावर ही व्यवस्था पुरेशी दिसते. प्रत्यक्षात गर्दीच्या वेळी भरलेल्या बस थांब्यावरच्या प्रवाशांना सोडून पुढे जातात, आणि हिवाळ्यात बर्फ पडला की चढावर बस घसरतात किंवा सेवाच बंद ठेवावी लागते.

तुमच्या शहरात असा विचार सुरू झाला असेल, तर पहिली पायरी म्हणजे हा त्रास आकड्यांत पकडणे. बसने डोंगर चढायला लागणारा वेळ सर्वांना माहीत असतो, पण थांब्यावर किती वेळ जातो, किती जणांना पहिली बस सोडावी लागते, पाऊस किंवा बर्फाच्या दिवशी हेच आकडे किती बिघडतात आणि उतरताना संध्याकाळी काय होते, याची नोंद फारशी कोणी ठेवत नाही. निदान एक पूर्ण शैक्षणिक सत्र ही मोजणी करावी. सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांतली गर्दी फसवी असते, कारण तेव्हा सगळेच विद्यार्थी तासांना येतात. परीक्षेच्या आधीचा काळही तसाच अपवादात्मक असतो. मधल्या महिन्यांतल्या मंगळवार-बुधवारचे आकडे नियोजनासाठी सर्वांत विश्वासार्ह ठरतात.

याच टप्प्यावर पर्यायही प्रामाणिकपणे तपासावेत. बससाठी वेगळी मार्गिका, चौकात बसला आधी सिग्नल, लांब जोडबस, विजेवर चालणाऱ्या बस हे सगळे गोंडोलाहून स्वस्त असते आणि लवकर होते. बर्नाबीच्या प्रस्तावालाही याच तुलनेत अडखळावे लागले: २०११ च्या सुमारास झालेल्या सविस्तर अभ्यासानंतर, गोंडोलाचा भांडवली खर्च बसच्या तुलनेत जास्त ठरल्याने तो काही वर्षे बाजूला पडला. मेट्रोच वर न्यावी, ही सूचना प्रत्येक जाहीर सभेत येते. बर्नाबीत सरळ रेषेत २.७ किलोमीटर अंतरात जवळजवळ ३०० मीटर चढायचे आहे, म्हणजे सरासरी ११ टक्के चढ. नेहमीच्या मेट्रोला चार टक्क्यांपुढचा चढ जड जातो. एवढे गणित सभेतच फळ्यावर मांडले तर चर्चा पुढे सरकते.

तासाची गर्दी की पंधरा मिनिटांची

वाहतूक नियोजनात क्षमता बहुधा दर तासाला, एका दिशेने किती प्रवासी, अशी सांगितली जाते. विद्यापीठासाठी हे माप अपुरे आहे. व्याख्याने ठरावीक वेळी सुरू होतात, म्हणून गर्दीही लाटेसारखी येते: पंधरा-वीस मिनिटे स्थानक तुंबते आणि नंतर रिकामे होते. तासाच्या सरासरीवर आखलेली यंत्रणा त्या पंधरा मिनिटांत रांग बाहेर रस्त्यापर्यंत नेऊ शकते. त्यामुळे मोजणी पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत करावी आणि स्थानकाचा फलाट त्या लाटेच्या मापाने आखावा.

आता एक गणित करून पाहू. ताशी ३,००० प्रवाशांची क्षमता हवी आहे आणि एका केबिनमध्ये ३५ जण मावतात असे धरले, तर तासाला सुमारे ८६ केबिन सुटल्या पाहिजेत, म्हणजे दर ४२ सेकंदांना एक. दोर सेकंदाला ७.५ मीटर वेगाने चालत असेल तर दोन केबिनमधले अंतर सुमारे ३१५ मीटर पडते, आणि २.७ किलोमीटरचा प्रवास सहा मिनिटांत होतो. जाण्या-येण्याचे बारा मिनिटे आणि प्रत्येक स्थानकात संथ गतीने फिरण्याची साधारण दोन मिनिटे मिळून एका फेरीला सोळा मिनिटे लागतात. त्यावरून २३ केबिन पुरतात आणि दुरुस्तीसाठी दोन-तीन जास्त ठेवाव्या लागतात. हीच क्षमता ९० प्रवाशांच्या जोडबसने द्यायची तर तासाला ३३ बस, म्हणजे दोन मिनिटांपेक्षा कमी अंतराने एक बस, आणि तितके चालक लागतील. गोंडोलाचा खरा फायदा इथे आहे. दुपारी अडीच वाजता किंवा रात्री दहा वाजता प्रवासी कमी असले तरी केबिनच्या संख्येप्रमाणे चालकांचा खर्च वाढत नाही, त्यामुळे कमी गर्दीच्या वेळीही एका मिनिटाच्या आत केबिन मिळते. वेळापत्रक पाहण्याची गरजच उरत नाही, आणि एकूण प्रवासात चढण्याच्या वेगातून वाचणाऱ्या वेळेत या वाट पाहण्याच्या बचतीची भर पडते.

दोर किती असावेत

तंत्रज्ञानाची निवड हा प्रकल्पातला सर्वांत रंजक वाटणारा पण तुलनेने सोपा भाग आहे. ढोबळमानाने तीन पर्याय असतात.

पहिला, दोन मोठ्या केबिन आळीपाळीने वर-खाली करणारा रोपवे. अमेरिकेतल्या पोर्टलँड शहरात ओरेगन आरोग्य व विज्ञान विद्यापीठाचा डोंगरावरचा परिसर नदीकाठाशी याच प्रकाराने जोडला आहे. अंतर सुमारे एक किलोमीटर, प्रत्येक केबिनमध्ये ७८ प्रवासी. कमी अंतराला तो उत्तम, पण अंतर वाढले की क्षमता घटते, कारण एक केबिन पोहोचेपर्यंत दुसरी सुटूच शकत नाही.

दुसरा, एकाच फिरत्या दोरावर दहा-दहा जणांच्या अनेक केबिन. कोलंबियातील मेडेयीनने २००४ मध्ये आणि बोलिव्हियातील ला पाझने २०१४ पासून शहरी वाहतुकीसाठी तो वापरला, आणि इस्राएलमधील हैफा शहरात २०२२ मध्ये सुरू झालेला ४.४ किलोमीटरचा मार्ग याच प्रकारचा असून तो खाडीकाठच्या स्थानकाहून टेक्निऑन संस्थेमार्गे कार्मेल डोंगरावरच्या हैफा विद्यापीठापर्यंत जातो. हा प्रकार स्वस्त आहे. मात्र मनोरे जवळजवळ उभारावे लागतात आणि वारा वाढला की तो लवकर थांबवावा लागतो.

तिसरा, तीन दोरांचा गोंडोला. यात दोन जाड दोर स्थिर असतात आणि केबिन त्यांवरून रुळांवरून धावल्यासारखी चालते, तर तिसरा फिरता दोर तिला ओढतो. केबिनमध्ये तीस-पस्तीस जण मावतात, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यातही सेवा चालू राहू शकते आणि दोन मनोऱ्यांमधले अंतर खूप मोठे ठेवता येते. ब्रिटिश कोलंबियातल्याच व्हिसलर इथे २००८ पासून चालणाऱ्या अशा गोंडोलाच्या दोन मनोऱ्यांमधले अंतर तीन किलोमीटरहून थोडे अधिक आहे. फ्रान्समधील तुलूज शहराने २०२२ मध्ये याच तंत्राने कर्करोग संशोधन केंद्र, टेकडीवरचे रांगेय रुग्णालय आणि पॉल साबातिये विद्यापीठ जोडले. तीन किलोमीटरच्या त्या मार्गावर फक्त पाच मनोरे आहेत. बर्नाबीसाठीही हाच प्रकार पुढे आला. खाली जंगल आणि वस्ती, वर बर्फ आणि वारा, आणि सत्रभर न थांबता चालण्याची गरज, असे असल्यावर तिसऱ्या पर्यायाचा जादा खर्च रास्त ठरतो, असे मला वाटते.

रेषा कुठून न्यावी

बर्नाबीत तीन मार्ग तपासले गेले. पहिला प्रॉडक्शन वे स्थानकाहून थेट माथ्यावर, २.७ किलोमीटरचा, सहा मिनिटांचा. दुसरा त्याच स्थानकाहून पण पूर्वेकडे वळसा घेऊन, आणि तिसरा लेक सिटी वे स्थानकाहून. या दोन्हींना दहा-अकरा मिनिटे लागणार होती. वळसा घेण्याचे कारण एकच: सरळ रेषा फॉरेस्ट ग्रोव्ह या निवासी भागातल्या काही घरांवरून जाते.

नकाशावर वळण म्हणजे पेन्सिलीची छोटी रेघ असते. दोराला मात्र वाटेत सहजासहजी वळता येत नाही. वळणाच्या ठिकाणी केबिन दोरापासून सुटी करून पुन्हा दुसऱ्या दिशेला जोडणारे एक पूर्ण स्थानकच बांधावे लागते. त्याला जमीन लागते, जंगल असेल तर झाडे तोडावी लागतात, यंत्रसामग्री आणि कर्मचारी वाढतात, आणि प्रत्येक प्रवाशाची काही मिनिटे रोज वाया जातात. बर्नाबी डोंगराचा मोठा भाग संरक्षित वनक्षेत्र आहे, त्यामुळे घरे टाळायची की झाडे वाचवायची, असा पेच उभा राहिला. अखेरीस २०२१ मध्ये बर्नाबीच्या नगर परिषदेने थेट मार्गाला पाठिंबा दिला.

पर्यायांची तुलना करताना प्रत्येक मार्गासाठी या बाबी एकाच तक्त्यात ठेवाव्यात: प्रवासाचा वेळ, बांधणीचा व चालवण्याचा खर्च, दोराखाली येणारी घरे, तोडावी लागणारी झाडे, ओढ्यांवरचा परिणाम आणि मेट्रोपासून चालण्याचे अंतर. गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण ती धोक्याची आहे. घरांना किती गुण आणि वेळेला किती, हे ठरवणे राजकीय काम आहे आणि ते नगरसेवकांनी उघडपणे केले पाहिजे. तक्त्याच्या आड लपवलेला निर्णय पहिल्याच सुनावणीत उघडा पडतो.

पायथ्याचे स्थानक

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. गोंडोला सहा मिनिटांत वर पोहोचवत असेल, पण मेट्रोतून उतरून जिना, रस्ता, पुन्हा जिना असे करत केबिनपर्यंत यायला चार मिनिटे लागत असतील, तर कमावलेले सगळे तिथेच गेले. फलाटापासून केबिनपर्यंतची वाट छताखालून, शक्यतो रस्ता न ओलांडता, आणि लिफ्टसह असावी. लिफ्ट एकच असेल तर ती बंद पडण्याच्या दिवसाचाही विचार करावा. गर्दीच्या लाटेला उभे राहायला जागा हवी. केबिन स्थानकात सेकंदाला पाव मीटरच्या आसपास, अगदी रांगत फिरते, त्यामुळे व्हीलचेअर, बाबागाडी, सायकल सहज आत जाते, आणि गरज पडली तर ती पूर्ण थांबवताही येते. पण ही सोय आराखड्यात आधी लिहिलेली असेल तरच कंत्राटदार ती देतो.

रात्री आणि वादळात केबिन ठेवण्यासाठी छताखालची जागा लागते. ती वरच्या स्थानकात ठेवावी की खालच्या, हा प्रश्न किरकोळ वाटला तरी वास्तूचा आकार त्यावरच ठरतो. शहरातल्या जमिनीच्या किमती पाहता अनेकदा वरचे स्थानक सोयीचे पडते. वर उतरल्यावर पहिला वर्ग किती दूर आहे, हेही पाहावे. सायमन फ्रेझर विद्यापीठालगत त्याच्याच जमिनीवर उभी राहिलेली ‘युनिव्हर्सिटी’ (UniverCity) नावाची निवासी वसाहत आहे, तिथले रहिवासी गोंडोला सुट्टीतही वापरतील. केवळ विद्यार्थ्यांवर विसंबलेल्या मार्गाला उन्हाळ्यात ओहोटी लागते.

तिकिटाबाबत एकच नियम पाळावा: गोंडोला हा शहराच्या वाहतुकीचा भाग असेल, तर त्याचे तिकीट वेगळे नसावे. लंडनमध्ये थेम्स नदीवर २०१२ मध्ये सुरू झालेला रोपवे नेहमीच्या प्रवासपासाच्या बाहेर ठेवला गेला, आणि तो प्रामुख्याने पर्यटकांचाच राहिला. याउलट मेडेयीनचा रोपवे मेट्रोचाच भाग म्हणून चालतो.

दोराखालची घरे

ज्यांच्या छपरावरून केबिन जाणार त्यांच्याशी बोलणे मार्ग ठरल्यावर सुरू केले, तर उशीर झालेला असतो. त्यांच्या शंका तीन प्रकारच्या असतात: खाजगीपणा, आवाज आणि घराची किंमत. आवाजाबाबत खरे सांगण्यासारखे बरेच आहे. यंत्रे स्थानकांत असतात, वाटेत फक्त मनोऱ्यावरून केबिन जाताना घरंगळल्यासारखा आवाज येतो, त्यामुळे मनोरे घरांपासून दूर ठेवता आले तर प्रश्न बराच सुटतो. खाजगीपणासाठी ठरावीक टप्प्यात काच आपोआप धूसर होण्याची सोय असते आणि केबिन उंचीवरून जावी म्हणून मनोरे उंच करता येतात. पण मनोरा जितका उंच तितका तो दूरवरून दिसतो, हेही सांगावे. घराच्या किमतीविषयी मात्र कोणतेही आश्वासन देऊ नये. घरांवरून जाण्याच्या हक्कासाठी मोबदला कसा ठरवणार, ते लेखी आणि लवकर सांगावे.

पोर्टलँडमध्ये रोपवेखालच्या वस्तीने कडाडून विरोध केला होता. तिथे नंतर, २०१२ मध्ये, महामार्गाने नदीपासून तोडलेल्या त्या भागासाठी गिब्स रस्त्यावर पादचारी पूल उभा राहिला. ज्या वस्तीवरून लोक जाणार, तिला खाली काहीतरी ठोस मिळाले पाहिजे.

पैसे

पोर्टलँडचे उदाहरण इथेही उपयोगी आहे, जरा वेगळ्या अर्थाने. सुरुवातीला सुमारे १.५ कोटी डॉलर सांगितलेला तो रोपवे ५.७ कोटी डॉलरला पडला. कच्च्या आराखड्यावरचा आकडा जाहीर करण्याचा मोह टाळावा, आणि करायचाच असेल तर किमान व कमाल अशी मर्यादा सांगावी. बर्नाबीच्या थेट मार्गाचा अंदाज २०२० च्या किमतींनुसार सुमारे २१ कोटी कॅनेडियन डॉलर होता.

उत्पन्नाच्या बाजूला एक सापळा आहे. बर्नाबीच्या विद्यार्थ्यांकडे शुल्कातच समाविष्ट असलेला प्रवासपास असतो. त्यामुळे गोंडोलात हजारो विद्यार्थी बसले तरी त्यांच्याकडून नवे भाडे जवळपास येत नाही. अशा ठिकाणी आर्थिक प्रस्ताव भाड्याच्या उत्पन्नावर उभा न करता वाचणाऱ्या बस, चालकांचे तास, इंधन आणि प्रवाशांचा वेळ यांवर उभा करावा. सुटलेल्या बस शहरातल्या दुसऱ्या कोणत्या मार्गांवर जातील, हे आधीच लिहून ठेवले तर डोंगराशी संबंध नसलेले नागरिकही प्रकल्पाच्या बाजूने उभे राहण्याची शक्यता वाढते.

वारा, बर्फ आणि अपघात

हवामानाचा अभ्यास जवळच्या विमानतळाच्या नोंदींवर करू नये. प्रस्तावित मनोऱ्यांच्या उंचीवर, कड्याच्या टोकाला वाऱ्याची यंत्रे लावून किमान दोन हिवाळ्यांची नोंद घ्यावी. त्यातून वर्षाला किती तास सेवा थांबेल याचा अंदाज येतो, आणि त्या तासांसाठी बस कुठून आणणार, हे चालकांच्या वेळापत्रकासह ठरवावे. वार्षिक देखभालीसाठीही काही दिवस सेवा बंद ठेवावी लागते. ते सत्रांच्या मधल्या सुट्टीत ठेवावेत.

सुरक्षिततेत दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात: यंत्रणा बिघडणे आणि माणसाने बिघडवणे. झारखंडमधील देवघरजवळच्या त्रिकूट डोंगरावर एप्रिल २०२२ मध्ये रोपवे थांबून प्रवासी एका दिवसाहून अधिक काळ अडकले, आणि हेलिकॉप्टरने सुटका करताना जीवितहानी झाली. आधुनिक तीन दोरांच्या गोंडोलात म्हणून राखीव मोटर, स्वतंत्र इंजिन आणि दुहेरी यंत्रणा ठेवून, काहीही झाले तरी केबिन स्थानकात परत आणता येईल अशी रचना मागवतात. निविदेत हीच अट ठळक असावी. मे २०२१ मध्ये इटलीतील मोत्तारोने डोंगरावरच्या रोपवेच्या अपघातात १४ जण मरण पावले. ओढणारा दोर तुटला, आणि आपत्कालीन ब्रेक जाणूनबुजून निकामी केलेला होता. त्यावरून देखभालीची नोंद चालवणाऱ्या कंपनीपेक्षा वेगळ्या यंत्रणेने तपासण्याची गरज कळते. बर्नाबीहून फार दूर नसलेल्या स्क्वामिश इथे २०१९ आणि २०२० अशी दोन वर्षे लागोपाठ कोणीतरी रात्री गोंडोलाचा दोर कापला, म्हणून मनोऱ्यांच्या पायथ्याशी कुंपण, कॅमेरे आणि गस्त यांचा खर्च सुरुवातीपासून धरावा.

बर्नाबीत आणखी एक स्थानिक चिंता आहे. डोंगराच्या उतारावर खनिज तेलाच्या टाक्या आहेत आणि माथ्यावर जाणारे रस्ते त्यांच्याजवळच्या एका चौकात एकत्र येतात. गोंडोला हा सुटकेचा दुसरा मार्ग ठरेल, असे समर्थक म्हणतात. मी हा मुद्दा जपून वापरेन, कारण आग आणि धूर दोराखालीच असेल तर तीही वाट बंद होते. आपत्कालीन आराखडा अग्निशमन दलाने गोंडोलाविना तपासावा आणि मग गोंडोलाने काय भर पडते ते पाहावे.

कामाचा क्रम

मोजणी, पर्यायांची तुलना, मार्ग, लोकांशी चर्चा आणि आर्थिक प्रस्ताव एवढे झाल्यावर प्रादेशिक योजनेत जागा मिळवावी लागते. बर्नाबीचा गोंडोला २०२२ मध्ये ट्रान्सलिंक या तिथल्या वाहतूक संस्थेच्या दहा वर्षांच्या प्राधान्यक्रमात गेला. प्रत्यक्ष निधी ही त्यापुढची, वेगळी पायरी असते. निविदा काढताना रोपवेची यंत्रणा आणि स्थानकांचे बांधकाम एकाच कंत्राटात असावे की दोन, हे ठरवावे लागते. तीन दोरांची यंत्रणा बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत, आणि स्थानकाच्या पायाची मापे यंत्रणा ठरल्याशिवाय नक्की होत नाहीत, म्हणून कंत्राट एकच ठेवून त्यात काही वर्षांची देखभालही धरणे सहसा सुरक्षित ठरते. चाचण्यांसाठी प्रवाशांविना काही आठवडे, वजन भरलेल्या केबिनसह, राखून ठेवावेत आणि सेवा सत्राच्या पहिल्या दिवशी सुरू करण्याचा आग्रह धरू नये. मे-जूनमध्ये सुरू झालेल्या गोंडोलाला गर्दीच्या आधी चुका सापडायला वेळ मिळतो. पहिला हिवाळा संपेपर्यंत १४५ क्रमांकासारखी जुनी बस कमी फेऱ्यांनी का होईना, चालूच ठेवावी.